पिवळा ऊस

आमच्या कोडोलीत माणसाची लायकी त्याच्या उसाच्या रंगावरून ठरते. लग्न होऊन आले तेव्हा मी यातली मोठी शहाणी. पुरुषांचा युरिया टाकून झाला की मागनं ओच्यातून आणखी दोन पसे भिरकावून यायचे आणि बांधावरून अशी चालायचे, जणू ऊस मलाच बघून हिरवा झालाय. पुढं त्या जादा युरियानं गूळ काळा, खारट उतरला. मी गुळव्याला शिव्या दिल्या. अक्कल एवढीशी, कुंकू मात्र रुपयाएवढं.

यंदा शेतीचं शिकणाऱ्या नातीनं विहिरीकडचा तुकडा मागून घेतला. तिथं युरिया बंद, नुसते जिवाणू. ते हवेतला नत्र मुळाला आणून देतात, म्हणाली. आणि युरियामुळं मातीतनं जो वायू उडतो, हवा तापवतो, तो कमी होतो. मोजायला तिनं सरीत डबे पालथे घातले. त्यातली हवा सुईनं ओढून कॉलेजात न्यायची. जिवाणू गुळाच्या पाण्यात ढवळून द्यायचं काम माझं.

ऊस आधी फिका पडला. नात म्हणाली, थोडं थांबूया. पण बांधावरनं जाणारा प्रत्येक पावणा विचारायचा, उसाला कावीळ झाली काय. माझा लेक, म्हणजे तिचा बाप, त्या वाटेनं जायचाच बंद झाला.

मग अचानक ऊस हिरवागार, काळाभोर. जिवाणू मागायला माणसं दारात. नात मात्र कॉलेजातून हवेचा निकाल घेऊन आली. वायू कमी व्हायचा सोडून वाढला होता. आपले जिवाणूच खोटे, असं ती धरून बसली.

मी तुकड्यात गेले. पानांवर भाजल्याचे डाग होते. घाईनं युरिया भिरकावला की दाणे पोंग्यात, शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, अडकतात आणि पान भाजतं. माझ्या हातचा ऊस असाच दिसायचा.

लेकाला विचारलं, युरिया तू टाकलास काय. मान वर न करता म्हणाला, "पोरीचं हसं झालं असतं की, आई."

नातीला सांगितलं. वाटलं, बापाशी भांडेल. ती डबे धूत राहिली.

"पिवळा तर पिवळा, आज्जी. माझा होता की."

माणसं अजून येतात. काल एकाला मीच सांगितलं, त्या उसात युरिया हाय. जिवाणू द्यायचे न्हाईत म्हणून म्हातारी थापा मारतीया, असं म्हणून तो हसला. लेकही त्याच्याबरोबर हसला.