गोमाचे कॅरियर

सापगाव फाट्यावर गोमाचं वेल्डिंगचं दुकान होतं. शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलचं मागचं टोक तो आधी बघायचा आणि मग तोंड वाकडं करायचा.

१९९८ साल. डबा बसवायचे चकचकीत तयार कॅरियर तेव्हा बाजारात येऊ लागले होते. "हा कॅरियर हाय का टॉवेल वाळत घालायची दांडी?" असं तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर विचारायचा. स्वतःचा कॅरियर तो जाड लोखंडी अँगलचा करायचा, गाडीच्या सांगाड्यालाच वेल्ड मारायचा आणि गिऱ्हाइकाला वर उभं करायचा. "नाच आता!" गिऱ्हाईक नाचायचं, कॅरियर तसूभर हलायचा नाही. दहा वर्षांत एकही परत आला नाही, ही त्याची मिरवायची गोष्ट.

गुरांच्या दवाखान्यातला नरेंद्रही त्यावर नाचून गेला. पावसाळ्याआधी पाड्यापाड्यांवर गुरांना लस टोचायचं त्याचं काम. लस बर्फात आणि बर्फाचा डबा गाडीच्या मागे. त्याचा बाजारचा कॅरियर तुटला होता, तेव्हा गोमा म्हणाला होता, "नोकरीवाल्यांना चकाकी लागते. मग स्टीलचे चमचे बांधा मागं!"

गोमाचा कॅरियर बसवल्यापासून बाराव्या दिवशी नरेंद्र परत आला तो फुटका डबा पेट्रोलच्या टाकीवर धरून. कॅरियर मागे लोंबत होता.

"तानसाच्या वाटेवर तुटला. लस गेली, गोमादादा. पाड्यावरची गुरं तशीच राहिली. उद्या नवी लस न्यायचीय."

"तुमी आदळली असंल गाडी."

"आदळली. तिकडं न आदळता जाता येतं का?"

गोमाने वाकून पाहिलं. वेल्ड शाबूत होता. त्याला लागूनच अँगल कटकन तुटला होता. 'लोखंडच खराब' असं म्हणता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही. पण दुसऱ्याच्या कामात खोट काढायची इतक्या वर्षांची सवय. खोट आपल्याच कामात असणार, हे त्याला कळलं.

"चला, मी मागं बसतो," तो म्हणाला. त्याने तुटका अँगल तात्पुरता जोडला, लसीच्या वजनाइतक्या विटा भरलेला डबा दोघांनी टायरच्या ट्यूबने त्यावर बांधला आणि गोमा डब्यावर हात ठेवून सीटवर उलट्या तोंडाने बसला. खर्डीच्या खड्ड्यांतून जाताना प्रत्येक खड्ड्याला डबा शेपटीकडून उसळायचा आणि सगळा हिसका वेल्डशेजारी एकाच जागी बसायचा.

उतरल्यावर कंबर धरून तो म्हणाला, "उभ्या गाडीवर दहा वर्षं लोकांना नाचवलं मी. गाढव!"

त्याने नवा कॅरियर पातळ पाइपचा केला. डबा सीटला चिकटवून पुढे घेतला, खालून दोन आधार दिले आणि वेल्डऐवजी नटबोल्ट लावून मध्ये जुन्या ट्यूबचं रबर घातलं.

"हलतोय हो जरा," नरेंद्र कुरकुरला.

"हलू द्या. तुमाला काय त्यावर देव बसवायचाय?"

दुसऱ्या दिवशी नरेंद्र लस टोचून संध्याकाळी परतला. नवा डबा जागेवर होता. गोमाने बोटाने एकेक नट चाचपला आणि तो रस्त्यात जाऊन उभा राहिला. पाववाला मुकेश येत होता, त्याला हात आडवा केला.

"उतर. डबा काढ."

"का रे? झकास कॅरियर हाय. तूच केलेला!"

"म्हनूनच. करणारा येडा व्हता."

"अरे, चार वर्षं झाली, काय झालं नाय त्याला!"

मुकेश पावाचा डबा पोटाशी धरून ओरडत राहिला. गोमाने अँगल कापायला घेतला.