बाराही जणांनी लिहिलं, फार छान

जस्टिन नालुब्वामा आमच्या विद्यापीठात संगणकावरचे खेळ रचायला शिकवते. मी मुकीबी, तिची प्रयोगशाळा सांभाळतो. म्हणजे अठरा संगणक, त्यातले अकरा चालू. परीक्षा आल्या की वाणिज्यवाले आमची खोली बळकावतात, कारण त्यांचा विषय खरा. पालक येऊन विचारतात, "मॅडम, खेळायला तर पोरगी घरीही होती की." जस्टिन हसून समजावते. मी असतो तर दारातूनच परत पाठवलं असतं.

या बाईची आठ वर्षं एका प्रबंधात गेली. ओम्वेसो हा आमचा बियांचा खेळ, लाकडी पाटावर बत्तीस खळगे आणि चौसष्ट काळ्या बिया. तो तिने टॅबवर आणला. मुरलेल्या खेळाडूंना तो पटतो, एवढंच दाखवायचं राहिलं होतं. शुक्रवारी पाचला, मार्गदर्शकांच्या सहीनिशी प्रबंध खालच्या कार्यालयात द्यायची मुदत संपत होती. प्रबंध गेला नाही तर आठ वर्षं पाण्यात, आणि डॉक्टरेट नसलेल्यांना पुढच्या वर्षी वर्ग मिळणार नाहीत, असं पत्रक भिंतीवर आधीच लागलेलं.

विद्यापीठाच्या टेकडीच्या पायथ्याशी, बोडाबोडांच्या म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलींच्या थांब्यामागे, फणसाखाली म्हातारे रोज खेळतात. जस्टिन साखरेचे पुडे घेऊन गेली, आमच्या रीतीप्रमाणे गुडघे टेकून एकेकाची विचारपूस केली, टॅब हातात दिले आणि नंतर कागद भरून घेतले. एक म्हणजे वाईट, पाच म्हणजे फार छान. बाराही जणांनी वरपासून खालपर्यंत पाच.

तिचे मार्गदर्शक प्राध्यापक लुटालो म्हणाले, "फार छान. आलेख घाल आणि देऊन टाक."

सोमवारी तिने टॅबमधल्या नोंदी उघडल्या. टॅब प्रत्येक चाल लिहून ठेवतो. कुणी तीन चाली खेळलं होतं, कुणी चार. डाव एकानेही संपवला नव्हता.

"मुकीबी, या म्हाताऱ्यांनी मला फसवलं."

"फसवलं कसलं? तू गुडघे टेकलेस, साखर नेलीस. आता तुझ्या तोंडावर कोण म्हणेल की कचरा आणलायस?"

"मग विचारायचं तरी कसं माणसाने?" तिने टॅब टेबलावर आपटला. तो माझ्या नावावर होता. मी उचलून काच तपासली.

मंगळवारी ती परत गेली, मीही गेलो. झाडाखालचे सगळ्यात मोठे म्हणजे स्सालोंगो. जुळ्यांच्या बापाला आमच्यात हेच म्हणतात, त्यांचं खरं नाव मलाही माहीत नाही.

"जज्जा," तिने आजोबांना घालतात तशी हाक घातली, "खरं सांगा, काय चुकलं?"

"छानच आहे गं पोरी. देव तुझं भलं करो."

तीनदा विचारलं, तीनदा आशीर्वाद मिळाला. जस्टिन चिडली. मी तिला बाजूला घेतलं. या झाडाखाली पाटावर बसलं की मानमरातब संपतो, नातू आजोबाला गाढव म्हणतो आणि कुणाला राग येत नाही. "विचारू नकोस," मी म्हटलं. "खेळायला बस."

ती बसली आणि स्सालोंगोंची जीभ सुटली. "या मास्तरीणबाई. बिया धरता येतात, की नुसतं काचेवर बोट घासायचं?"

"तुमचा हात थरथरतोय जज्जा. चाल टाका आधी."

सगळे हसले. म्हाताऱ्याने तिच्या सात बिया उचलल्या. "तुझं यंत्र मेलेलं आहे. कधी चुकतच नाही. मी बिया टाकत सुटतो तेव्हा समोरच्याने डोळे फाडून बघायचं असतं, हा थेरडा एक बी कुठे जास्तीची टाकतोय ते. तुझं यंत्र सगळं बरोबर टाकतं. मग मी बघू काय? त्यापेक्षा घरी जाऊन झोपेन."

परतताना ती अख्खी टेकडी बडबडत चढली. "चूक होणारच नाही अशी सोय मी केली. आणि पहिल्याच प्रकरणात ती शोध म्हणून मिरवलीय. आठ वर्षांत एकालाही सांगावंसं वाटलं नाही?"

बुधवारी सकाळी तिने पाट काखेत मारला आणि प्राध्यापकांकडे गेली. बियांची पिशवी माझ्याकडे. "सर, एक डाव?" लुटालो मसाका भागातले, लहानपणापासून हा खेळ खेळलेले. त्यांनी टेबलावरच्या फायली सरकवल्या.

चौथ्या चालीला ते रंगात आले. "डावी बाजू उघडी पडली नालुब्वामा. अगदी तुझ्या प्रबंधासारखी."

"कुठल्या प्रकरणात, सर?"

"मला काय ठाऊक? दुसऱ्याच्या पुढे वाचलंय कुणी?"

बोलले आणि त्यांचा हात बियांसकट थांबला.

"पण तुम्ही तर प्रत्येक प्रकरणावर फार छान लिहिलंत," जस्टिन म्हणाली.

"तू चांगली मुलगी आहेस. मेहनती. दुसरं काय लिहिणार?"

"आता काय देऊ? पाच-पाच, की झालं तसं?"

त्यांनी हातातल्या बिया परत खळग्यात ठेवल्या. "पाच-पाच दिलंस तर कुणीही न वाचता पास करेल. झालं तसं लिहिलंस तर मला वाचावं लागेल."

"वाचा मग. चाल टाका."

तिने शेवटचं प्रकरण नव्याने लिहिलं. तीन चालींत सोडलेले डाव, स्सालोंगोंचं बोलणं, स्वतःची चूक, सगळं. गुरुवारी दुपारी प्रबंध प्राध्यापकांच्या टेबलावर गेला. शुक्रवारी चारला परत आला. सही नव्हती. पहिल्याच पानावर लाल शाईत लिहिलेलं: "हा अजून प्रबंध नाही. शेवटचं प्रकरण खरं आहे. बाकीचं त्यावरून पुन्हा लिही."

जस्टिनने प्राध्यापकांना, म्हाताऱ्यांना, विद्यापीठाला आणि ओघात मलाही यथेच्छ शिव्या घातल्या. मलाही संताप आला होता. एका सहीचा तर प्रश्न. "जा, थोडं रड," मी म्हटलं. "देतील सही. अजून पाऊण तास आहे."

ती उठली, प्रबंध उचलला, दारापर्यंत गेली. तिथेच उभ्याने तिने पानं उलटली. प्रत्येक पानावर लाल खुणा होत्या, समासात प्रश्न होते, एका ठिकाणी नुसतंच "छे".

"मुकीबी," ती म्हणाली, "यांनी आभारसुद्धा वाचलेत. त्यातही चूक काढलीय."

ती परत येऊन बसली. पाच वाजता खालच्या कार्यालयाला कुलूप लागलं, तेव्हा ती एकशे बाराव्या पानावर होती.