खरवसाचा डबा

कुमुदकाकू आमच्या शेजारच्या. आमच्या आळीत कुणाकडे पाळणा हलायचा असला, की डॉक्टरच्या आधी काकूंना निरोप जायचा. डिंकाचे लाडू कधी सुरू करायचे, बाळाची टाळू कशी भरायची, बाळंतिणीने काय खायचं, सगळ्यावर त्यांचा हुकूम चाले. त्यांच्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. माझीही नव्हती, आणि मी काही गप्प बसणाऱ्यांतली नाही.

एक्क्याण्णव साली त्यांची लेक अनुया पहिल्या बाळंतपणाला पनवेलला माहेरी आली आणि तिला दवाखान्यात मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी काकू, त्यांची सून रमा आणि मी, अशा तिघी निघालो. गवळ्याची म्हैस व्यायली होती, म्हणून काकूंनी नर्सबायांसाठी खरवस केला होता. काकूंच्या खरवसाला नाव ठेवायला जागा नसे.

वॉर्डात बाळाने रडून आकांत मांडला होता. काकूंनी त्याला कापसाच्या बोळ्याने गुळाचं पाणी चोखवलं. मग अनुयाला पाठमोरी बसवून तिचं पहिलं पिवळसर दूध वाटीत पिळायला लावलं आणि वाटी रमाच्या हातात दिली.

"बेसिनमध्ये ओत. तीन दिवस बाळाला अंगावर घ्यायचं नाही."

रमा वाटी घेऊन तशीच उभी राहिली. तिला आई नव्हती. सात वर्षांपूर्वी अपूर्वच्या वेळचं तिचं बाळंतपण काकूंनीच केलं होतं, आणि अगदी पोटच्या मुलीसारखं केलं होतं.

तेवढ्यात नर्स आली. उरणकडची बाई, आवाज खणखणीत. काकूंनी कौतुकाने डबा उघडला. "घ्या हो. पहिल्या दिवसाच्या चिकाचा आहे. असा बाजारात मिळायचा नाही."

नर्सने एक वडी तोंडात टाकली, मान डोलावली, आणि मग तिची नजर वाटीवर गेली. "नि ह्ये काय हाय?"

"ते साचलेलं. बाळाला बाधतं."

"आजी, ह्यो बी चीकच हाय ना? म्हशीचा आमाला खायला घालता, नि लेकीचा मोरीत ओतता? त्या पोरीनं काय घोडं मारलंय तुमचं?"

सगळा वॉर्ड हसला. मीही हसले. नर्सने बाळ उचलून अनुयाच्या छातीशी लावलं, तसा रडण्याचा आवाज थांबला. "ह्याच दुधानं पोरांना ताकद येते. आजार लवकर शिवत नाय," ती म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

काकूंना डब्याचं झाकण लावता येईना. त्यांना लाज वाटलेली मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि ती पाहवत नव्हती.

परतताना न्हावा शेव्याच्या कंटेनरांमागे रिक्षा अडकून पडली.

"तीन दिवस पाजायचं नाही, हे माझ्या आईनेच मला सांगितलं होतं," काकू म्हणाल्या. "जन्मभर खरवस केला, पण आपलाही चीक तसाच असेल, हे कधी डोक्यातच आलं नाही गं." मग त्यांनी रमाकडे पाहिलं. "अपूर्वलाही मी तीन दिवस उपाशी ठेवलं. तू किती विनवलं होतंस मला."

"उपाशी नव्हता तो," रमा खाली मान घालून म्हणाली. "तुम्ही मासळीला गेलात की मी कडी लावून पाजायचे."

काकूंनी सुटकेचा निःश्वास टाकला. "बरं केलंस! बाई, बरं केलंस."

रमा मात्र रडायला लागली. "त्याला कावीळ झाली तेव्हा वाटलं, माझ्यामुळेच झाली. गोवर आला, तेव्हाही तेच. साधी सर्दी झाली तरी वाटायचं, मी चोरून पाजलं तेच त्याला बाधतंय. आज त्या नर्सचं ऐकेपर्यंत वाटत होतं."

"अगं, मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही माझं आईसारखं केलंत. तुमच्या पाठीमागे मी तुमचा शब्द मोडला, हे कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

काकूंचा चेहरा दवाखान्यात उतरला होता, त्याहून जास्त उतरला. त्या सीटवरच रमाकडे वळल्या आणि त्यांनी तिच्यापुढे हात जोडले. सासूने सुनेपुढे. रिक्षावाला आरशातून बघायला लागला. शेजारच्या एसटीच्या खिडकीतून दोन बायका वाकल्या.

रमा गोंधळून त्यांचे हात खाली ओढायला लागली. "अहो आई, नको ना. लोक बघतायत."

"बघू देत," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी जोडलेले हात सोडले नाहीत.