काळी कांडी

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्टुलावर चढून घड्याळाचा सेल बदलत होते. साताऱ्याहून त्यांची मुलगी बोलत होती. "ताई, बाबा सकाळी गेले..." संपलेला सेल मुठीतच राहिला. नेहमीप्रमाणे तो मी सरांसाठीच ठेवणार होते.

साध्या सेलमध्ये कार्बनची काळी कांडी असते. सर ती काढायचे, घासूनपुसून प्रयोगाला लावायचे, त्यामुळे अख्खं कॉलेज त्यांना संपलेले सेल आणून देई. पाण्यात वीज सोडून हायड्रोजन काढायचा तर प्लॅटिनमसारखा उत्प्रेरक नाही, पण तो परवडणार कुणाला? सरांना ते काम निकेलच्या साध्या जाळीकडून करून घ्यायचं होतं. मूळचे ते दुष्काळी माण तालुक्यातले. त्यांची आई म्हणायची, "हितं प्यायला पाणी न्हाई, आन तू फोडत बसलायस व्हय रं?" हे सांगताना सर स्वतःच पोट धरून हसत.

मी त्यांची पहिली संशोधक विद्यार्थिनी. चौथ्या वर्षी माझी जाळी अचानक प्लॅटिनमच्या तोडीची निघाली. शोधनिबंध लिहून तयार, घरी पेढेही वाटून झाले. सर मात्र पाण्यात जाळीसमोर, विजेच्या दुसऱ्या टोकाला लावलेल्या तारेकडे बघत बसले. ती प्लॅटिनमची होती. त्यांनी ती काढून काळी कांडी लावली, नवी जाळी सोडली, आणि बुडबुडे मंदावले. तारेतलं प्लॅटिनम कणाकणानं विरघळून माझ्या जाळीवर बसत होतं. गहिवरले की सर आईच्या बोलीत बोलत. म्हणाले, "ह्ये आपलं न्हाई पोरी. उसनं हाय."

"पण सर, कळणारे कुणाला?"

"आपल्या दोघांस्नी कळलंय की."

महिनाभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही. चार वर्षं पाण्यात गेली होती माझी! ते रोज माझ्या टेबलावर घासलेली एक कांडी ठेवून जात. पुढे दोन वर्षं लागली. नवी जाळी प्लॅटिनमची बरोबरी करू शकली नाही, पण जेवढी चालली तेवढी स्वतःच्या बळावर. पदवी मिळाली त्या दिवशी पेढे सरांनी वाटले.

गेल्या आठवड्यात इथे सांगलीत माझी विद्यार्थिनी धावत आली. तिची जाळी दुसऱ्या प्रयोगशाळेत मोजून आली होती. "मॅडम, प्लॅटिनमच्या तोडीस तोड!"

"समोर तार कसली होती गं?"

"प्लॅटिनमची."

अभिनंदन अगदी ओठांवर आलं होतं. सर गेले त्या दिवशीच्या सेलमधली कांडी मी घासून पर्समध्ये ठेवली होती, ती तिच्या हातात दिली. सगळं समजावलं. ती डोळे पुसत निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. तो महिना सरांनी कसा काढला असेल, हे मी त्यांना कधी विचारलंच नाही... आज सकाळी तिच्या टेबलावर आणखी एक कांडी ठेवून आले.