एकट्यानं ओलांडायचा नाही असा रस्ता

चाकणच्या चौकात गाडी अडकली की डिझेलचा आणि कांद्याच्या गोण्यांचा मिसळलेला वास खिडकीतून आत येतो. ट्रक, कंपन्यांच्या बसगाड्या सगळं जागच्या जागी ठप्प असतं आणि हँडलला डबे अडकवलेल्या सायकली मात्र कडेकडेनं बिनघोर निघून जातात. मला त्यांचा मनापासून हेवा वाटतो. मग निघोज्यात भाड्यानं राहत होतो तेव्हाच्या शेजारच्या वहिनी आठवतात.

मराठवाड्यातून आलेल्या या वहिनी हमरस्त्यापलीकडच्या एका कंपनीत कामाला होत्या. कंपनीची बस आमच्या वस्तीकडे यायची बंद झाली, त्यांना उशीर होऊ लागला आणि पुन्हा उशीर झाला तर येऊच नका, असं सुपरवायझरनं बजावलं. बाईंनी मोकळ्या रानात गुडघे फोडून घेत सायकल शिकून घेतली! पण पहिल्याच सकाळी हमरस्त्यावरचे कंटेनर पाहून त्यांनी सायकल मागे वळवली. मीही तेव्हा सायकलवरच कामाला जायचो. मला म्हणाल्या, "भाऊजी, मी जाते माघारी. नोकरी गेली तर गेली."

शेजारी सायकल धरून उभे असलेले गावातले एक टोपीवाले आजोबा म्हणाले, "एकट्यानं वलांडायचाच न्हाई, ताई. हितं थांबायचं. जथा जमला की आमी निघतो."

थोड्या वेळात सायकली जमल्या. गाड्या उजवीकडून येत होत्या, म्हणून जुनी माणसं उजव्या अंगाला आणि वहिनी आतल्या बाजूला. आजोबांनी हात वर केला आणि तो अजस्र कंटेनर खरोखरच थांबला. दुभाजकापाशी कुणी काही न सांगता जुनी माणसं डावीकडे सरकली, कारण पुढे गाड्या तिकडून येणार होत्या. किती साधी आणि किती देखणी रीत! वहिनी वेळेत पोचल्या.

पुढे एका सकाळी जथा निघायच्या बेतात आला तरी वहिनी कडेलाच उभ्या. लांबून एक नवखी बाई सायकल हातात धरून बिचकत येत होती.

"वहिनी, गेट बंद होईल!" मी ओरडलो.

"होऊ द्या, भाऊजी. तिला एकटीला कसं सोडावं?"

आजोबांनी वर केलेला हात खाली घेतला. सगळेच थांबले.

वहिनींना त्या दिवशी बोलणी खावी लागली, पण नोकरी राहिली. रस्ता आता ओळखू येऊ नये इतका बदललाय. सायकलवाल्यांसाठी जागा मात्र अजून कुणी ठेवलेली नाही. मी आयुष्यात पुष्कळदा वेळेवर पोचलो. अभिमान वाटतो तो त्या एका उशिराचा.