ज्यानं खाल्ला त्याले दे

मी आयुष्यात सुपारीचं खांडही कधी तोंडात धरलं नाही. आमच्या मारेगावात पानठेल्यावर सकाळपासून सुपारी-तंबाखू घोटून खर्रा तयार होतो, अर्धं गाव गालात तोबरा भरून फिरतं, आणि गालाचा कॅन्सर झाला तो मला. चर्चच्या मंडळीत दर रविवारी गीताचा पहिला सूर देणाऱ्या बाईला. डॉक्टर म्हणाले, एका बाजूचा जबडा काढावा लागेल, जीभ किती वाचेल ते उघडल्यावरच कळेल. घरी आल्यावर मी देवाला स्पष्ट सांगितलं, की आजपासून तुझं-माझं बोलणं बंद.

त्यात मंडळीतली माणसं. जो तो प्रार्थनेला येई आणि डोळे मिटण्याआधी माझ्या तोंडाकडे बघून घेई. एक भगिनी, जिच्या बाळंतपणात मी रात्रंदिवस खपले होते, ती म्हणाली, "ताई, काही लपवलेलं पाप असंन तं कबूल करून टाका. देव कायले उगाच शिक्षा देईन?" मी तिला दार दाखवलं. दुसऱ्या एकाने माझा विश्वास कमी पडतो असं निदान केलं. जखमेवर मीठ चोळायला लोक किती हौसेने येतात, ते मी त्या दिवसांत पाहिलं. चर्चचे धर्मगुरू, आमचे पाळक, तेवढे उपदेश न करता चहा पिऊन गेले. त्यांचा राग आला नाही.

यवतमाळच्या दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात, माझ्या शेजारच्या खाटेवर नेरकडच्या तांड्यावरची एक बंजारा म्हातारी होती. सगळ्या तिला याडी म्हणायच्या, म्हणजे आई. तिलाही हाच आजार. पोरवयात तंबाखू, पुढे खर्रा, हे ती न लाजता सांगायची आणि सुजलेल्या गालाने हसायची. मला तिचा संताप यायचा. तिनं स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं होतं. करावे तसे भरावे, तिचं निदान गणित तरी जुळत होतं. माझं काय?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याच भगिनीचा फोन आला. "कबूल केलं का, ताई?" मी फोन खाटेवर आपटला आणि छताकडे बघून ओरडले, "प्रभू, ज्यानं खर्रा खाल्ला त्याले दे ना हे. मले कायले?" शब्द नीट फुटत नव्हते, तरी सगळ्या वॉर्डाला कळले. माझ्या नवऱ्याने याडीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी माफी मागितली नाही. मला त्या क्षणी तेच म्हणायचं होतं.

दुपारी नवरा रक्ताची सोय करायला खाली गेला. मी पेज प्यायला बसले. तोंड उघडेना, पेज हनुवटीवरून लुगड्यावर सांडली. मी वाटी भिरकावून दिली. तेव्हा याडी उठून माझ्या खाटेवर आली. तिने ओढणीच्या टोकाने माझी हनुवटी पुसली, आपल्या सुनेला दुसरी पेज आणायला लावली आणि मला अर्धा-अर्धा चमचा भरवू लागली. माझ्या आईनंतर मला कुणी भरवलं नव्हतं.

"मी खाल्ला, तू नाही खाल्ला. खरं हाय, बाई," ती म्हणाली. "पण दुखते तं दोघीले सारखंच ना?"

मला तोंड लपवायला जागा नव्हती. मग ती म्हणाली, "मी माह्या देवीले तुह्यासाठी सांगतलं. तू तुह्या देवाले माह्यासाठी सांगशील का?"

आता हिला कसं सांगू, की आमचं भांडण चालू आहे म्हणून? मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. चांगली प्रार्थना नव्हती ती, रागातच होती. "प्रभू, हिचं दुखणं काढून घे. हिनं खाल्ला असेल, तरी घे. चौकशी करत बसू नको." आणि बोलता बोलता मीच थांबले. क्रूसावर त्याने दुसरं काय केलं होतं? त्याचा काही गुन्हा नसताना त्याने दुसऱ्यांचं दुखणं अंगावर घेतलं. आणि मी, माझा गुन्हा नाही म्हणून, माझं दुखणं हिच्या माथी मारायला निघाले होते. मला रडू आलं. याडीला वाटलं चमचा लागला, ती हळू हात चालवू लागली.

दुसऱ्या दिवशी मला आत नेलं तेव्हा मी भ्याले होते, पण एकटी नव्हते. जीभ बरीचशी वाचली. सूर गेला. याडीचं दुखणं मात्र ऑपरेशनच्या पलीकडे पोचलं होतं, तिला घरी पाठवलं, आणि मी अजून नळीनेच जेवत होते तेव्हा ती गेल्याचं तिच्या सुनेने कळवलं. माझ्या अंगाची आग झाली. इतक्या दिवसांनी एक गोष्ट मागितली होती, तीही स्वतःसाठी नाही.

मंडळीत मला सगळ्यांसमोर देवाच्या करणीची साक्ष द्यायला सांगतात. राग निवळला, शांती मिळाली, असं काहीतरी त्यांना ऐकायचं असतं. मला खोटं बोलता येत नाही. मी सकाळी देवापुढे बसते आणि तोंडातून जे अर्धंमुर्धं निघतं त्यात त्याला विचारते, तिला का नेलंस? तो सांगत नाही. सांगेल तेव्हा सांगो, ते मी त्याच्यावर सोडलं आहे. तिच्या हाताने त्याने मला भरवलं, हे उपकार मी विसरणार नाही, आणि उद्या पुन्हा भांडायलाही जाणार. इतकं भांडण माणूस परक्याच्या दारात करत नाही.