अजून एक पाणी

अक्का धुतलेला कपडा डोळ्यांनी तपासत नसत, नाकाने तपासत. दोरीवरून उतरवलेला प्रत्येक कपडा आधी नाकाशी जाई, मग घडीला. पसंत पडला नाही की निकाल ठरलेला असे, “साबण राहिलाय. अजून एक पाणी.” सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही आणि बोअरचं पाणी जड. अशा गावात ‘अजून एक पाणी’ म्हणणारी मोठी जाऊ वाट्याला येणं म्हणजे काय, ते मीच जाणते.

त्या अक्कलकोटकडच्या. माहेरी कानडी, सासरी मराठी. मी मशीनमध्ये पावडर टाकायला लागले की मागून आवाज यायचा, “साकु, साकु! फेस खायचाय का तुला?” साकु म्हणजे पुरे. जड पाण्यात फेस येत नाही म्हणून बायका आणखी पावडर ओततात, ती कापडातच बसते आणि कपडे करडे पडतात, असं त्यांचं म्हणणं. ते खरंच होतं. मशीनवर मात्र त्यांचा विनाकारण राग होता. ते फिरायला लागलं की कुणीतरी त्यांना शिव्या देत असल्यासारखं तोंड करून बसत.

नवी पावडर आणायची तर अक्का सात रस्ता चौकातल्या दुकानातून आधी छोटी पुडी आणत. जुना अभ्रा फाडून अर्धा नव्या पावडरीत भिजवायचा, अर्धा जुन्या, आणि दोन्ही उन्हात शेजारी शेजारी टाकायचे. दुकानदार जाहिरातीचं सांगायला लागला की म्हणत, “जाहिरातीतली बाई पांढरं नेसून चिखलात जाती. आमी जात न्हाय.” अक्कांचे यजमान आणि माझे, दोघंही चिंचोळी एमआयडीसीत कामाला. त्यांचे तेलकट गणवेश घरच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत, हा नियम मोडायची कुणाची छाती नव्हती.

एकच सवय मला धोक्याची वाटे. अक्का सगळं सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत ओतून ठेवत. रेशमाच्या शेवटच्या पाण्यात घालायचं व्हिनेगर, पांढऱ्या कपड्यांचं ब्लीच, सगळ्या बाटल्या सारख्याच आणि एकीवरही नाव नाही. बूच काढायचं, हुंगायचं, वापरायचं. इतकी वर्षं चूक झाली नव्हती.

मग त्यांना एकदा मोठा ताप आला. उठल्यानंतर काही दिवसांनी बादलीत राहून गेलेला एक टॉवेल त्यांनी हुंगला आणि घडी घालून ठेवला. मी उचलला तर कुबट वास. त्याच आठवड्यात गॅसवर दूध करपून घरभर वास पसरला आणि अक्का शेजारीच शेंगा सोलत बसलेल्या. मला कळायचं ते कळलं.

मी म्हटलं, “अक्का, बाटल्यांवर नावं लावू या का?”

“का? मी काय आंधळी हाय व्हय?”

“तसं नाही हो, आपलं सोयीचं.”

“तुज्या सोयीसाठी माज्या बाटल्यांस्नी नावं? दुकान मांडलंय का हितं?”

त्या चिडल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. म्हणून मी विषय सोडला, पण त्यांच्या धुण्याच्या वेळी मोरीच्या आसपास काम काढायला लागले. मोरीचं दार त्यांनी लोटलं की माझा जीव टांगणीला.

पुतणीचं, अक्कांच्या सुमनचं लग्न आलं. देवकाला ती अक्कांच्या लग्नातली रेशमी इरकल नेसणार होती, लाल टोपपदराची. धुताना तिला दुसऱ्या कुणाला हात लावू देणं शक्यच नव्हतं. अंगणात पाहुण्या बायका तांदूळ निवडत होत्या आणि अक्का मोरीत साडी रिठ्याच्या पाण्यातून काढून शेवटच्या पाण्यात बुडवत होत्या. मी दारात. त्यांनी एक बाटली उघडली, हुंगली. पुन्हा हुंगली. ठेवली. दुसरी उघडली, हुंगली आणि बादलीवर तिरकी केली.

माझ्या नाकात ब्लीचचा झणका आला. ओरडावं तर अंगणात सगळ्यांना कळणार, गप्प बसावं तर साडी जाणार.

“अक्का,” मी म्हटलं. एवढंच.

हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग अगदी हळू विचारलं, “ही कुटली?”

“पांढऱ्याची.”

त्यांनी बूच लावलं. “मग ती दुसरी दे की.” मी दिली. लगेच अंगणात ऐकू जाईल असा आवाज चढला, “मंगल, लुडबुड लई करती बाई तू! उभीच हायस तर पदर धर!”

संध्याकाळी सगळ्या बाटल्या माझ्यासमोर येऊन पडल्या. “चिट्ट्या लाव. अक्षर मोटं काड. आनि ह्यातलं कुनाला सांगू नको.”

त्यानंतर अक्का कपडा आधी आपल्या नाकाशी नेत, सवयीने आणि लोकांसाठी, आणि मग माझ्यापुढे धरत. मी पापणी हलवली की ‘अजून एक पाणी’ असा निकाल जाहीर होई. घरात कुणालाही कळलं नाही. त्या चार बायकांत म्हणायच्याही, “मंगलला अजून कळत न्हाय, मीच बगते.” मी ऐकून घेई.

गेल्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. तेराव्यानंतर सुमन त्यांची शेवटची नेसलेली साडी घेऊन बसली. “काकू, ही धुऊ नका. आईचा वास आहे हिला.”

“न धुतलेली साडी आईने कपाटात ठेवू दिली असती का?” मी विचारलं.

मी साडी तिच्या हातातून घेतली, रिठ्यात भिजवली, खळबळली. टाकीत पाणी कमी होतं, म्हणून एकाच पाण्यानंतर पिळून बाजूला ठेवली. सुमन मोरीच्या दारात येऊन उभी राहिली. वाकून तिने ओला पदर उचलला, नाकाशी धरला.

“काकू,” ती म्हणाली, “राहिलाय. अजून एक पाणी.”

मी बादली पुन्हा नळाखाली लावली.